संशोधनाचा सिंकिंग फंड

(राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरता घेतला आहे.)



आपल्या व्याख्यानमालेतलं हे दुसरं पुष्प. पहिलं गुडघेदुखीवर होतं, तेव्हा हॉल भरून बाहेर जिन्यावर माणसं बसली होती. आजचा विषय आहे, ‘सरकारने विज्ञान संशोधनावर जास्त पैसे खर्च करावेत, यासाठी आपण आपल्या लोकप्रतिनिधींना काय सांगायचं?’ इतका रुक्ष विषय असूनही निम्मा हॉल भरलाय, याबद्दल मी आपला आभारी आहे. नंतर चहा आहे, हे त्यामागचं कारण नसावं अशी आशा करतो.

पहिल्यांदाच सांगून टाकतो, मी शास्त्रज्ञ नाही. बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षं बँकेत काढली. तेव्हा कृष्णविवर म्हणजे काय हे मला विचारू नका. पैसे कुठे गेले, किती गेले, वेळेवर गेले का आणि त्यातून काय परत आलं, एवढंच मला कळतं. आज त्याच नजरेनं बोलणार आहे.

आज विज्ञान दिन का? २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात ‘रामन परिणाम’ शोधला, म्हणून. हे मुलांना शाळेत सांगितलं असेलच. पण रामन सुरुवातीला आमच्याच बिरादरीतले होते, हे सांगितलं नसेल. १९०७ साली ते सरकारच्या अर्थखात्यात हिशेबाच्या नोकरीला लागले. ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते एका संस्थेत जाऊन प्रयोग करायचे. दहा वर्षं असं काढल्यावर १९१७ साली त्यांनी ती भरपगारी नोकरी सोडली आणि कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आता कोणी म्हणेल, बघा, नोकरी सांभाळून, साध्यासुध्या उपकरणांवर त्यांनी एवढं केलं, मग आता कोट्यवधी रुपये कशाला हवेत? तर हिशेब पूर्ण बघू या. ज्या संस्थेत ते संध्याकाळी जायचे, ती डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांकडून वर्गणी गोळा करून काढली होती. इमारत, प्रयोगशाळा, उपकरणं तिथे आधीच उभी होती. रामन तिथे पोचले तेव्हा संस्था तीस वर्षांची होती आणि शोध लागला तेव्हा बावन्न वर्षांची. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यापैकी बहुतेकांना ते पीक बघायला मिळालं नसणार. तरी त्यांनी पैसे दिले. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. संशोधनाचा पैसा आधी भरावा लागतो, सातत्यानं भरावा लागतो, आणि फळ बहुतेक वेळा पुढच्या माणसाला मिळतं.

आपल्याला सोसायटीवाल्यांना हे समजायला अवघड नाही. आपण सिंकिंग फंड भरतो. उपविधीप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दर वर्षी. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या सर्वसाधारण सभेत यावर किती वाद झाला होता, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. इमारत नवीकोरी आहे, आत्ताच कशाला पैसे अडकवायचे, असं निम्म्या लोकांचं म्हणणं होतं. तेव्हा आपण तो वेळेवर भरला. आज ज्यांनी फंड भरला नाही अशा सोसायट्यांत स्लॅबचे तुकडे पडायला लागल्यावर माणशी लाख-दीड लाख एकदम मागतात आणि भांडणं सुरू होतात. देशाचंही काही वेगळं नाही.

मग देश आपल्या उत्पन्नातून संशोधनासाठी किती बाजूला काढतो? केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यानं प्रसिद्ध केलेला आकडा सांगतो. २०२०-२१ या वर्षात सरकारी, खासगी, विद्यापीठं असं सगळं मिळून भारताचा संशोधनावरचा खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये होता. ऐकायला मोठा वाटतो. दहा वर्षांपूर्वी, २०१०-११ मध्ये, तो साधारण ६० हजार कोटी होता, म्हणजे रक्कम दुप्पट झाली. पण बँकेत आम्ही नुसती रक्कम बघत नसू, उत्पन्नाशी प्रमाण बघत असू. देशाच्या सकल उत्पन्नाशी हे प्रमाण ०.६४ टक्के येतं. शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते ऐंशी पैशांच्या आसपास होतं. म्हणजे रक्कम वाढली, पण वाटा घटला. पगार वाढला आणि बचतीचं प्रमाण कमी झालं, अशातला प्रकार.

शेजारी काय करतात? २०२० मध्ये चीननं शंभरात दोन रुपये चाळीस पैशांच्या आसपास घातले. अमेरिका साडेतीन रुपयांच्या आसपास. दक्षिण कोरिया जवळजवळ पाच रुपये. आपण चौसष्ट पैसे.

आणि हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही असंही नाही. २००३ च्या राष्ट्रीय विज्ञान धोरणात लिहिलं होतं, दहावी पंचवार्षिक योजना संपेपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत, हा खर्च दोन टक्क्यांवर नेऊ. पुढे २०१३ चं धोरण आलं, त्यातही दोन टक्केच. दोन्ही वेळी सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती, म्हणून मी यात पक्ष आणत नाही, आपणही आणू नये. कर्जदार दर वर्षी नवीन मुदत मागतो आणि हप्ता मात्र कमी करत जातो, तेव्हा बँक त्याला काय म्हणते ते आपल्याला माहीत आहे. इथे धनको आपण आहोत, आणि आपण काही म्हणतच नाही.

आता पैसे घालून मिळतं काय, याचं एक उदाहरण देतो. ते आपल्या पुण्यातलंच आहे आणि माझ्या नोकरीशीही त्याचा संबंध आहे.

२००२ साली मी एका अवर्षणप्रवण तालुक्यातल्या शाखेत मॅनेजर होतो. खरिपाची पीककर्जं वाटायचं काम जूनमध्ये जोरात असतं. त्या वर्षी देशाचा अधिकृत अंदाज होता, सरासरीच्या १०१ टक्के पाऊस. शेतकऱ्यांनी बियाणं उचललं, खतं उचलली, पेरलं. आणि जुलै महिना कोरडा गेला. देशभरात त्या जुलैमध्ये सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला, आणि हंगामाअखेर बेरीज आली ८१ टक्के. दुबार पेरणीसाठी माणसं पुन्हा शाखेत रांगेला उभी राहिली. काही म्हातारे शेतकरी काउंटरवर काही बोलायचेच नाहीत, नुसते उभे राहायचे. नंतर कर्जांचं पुनर्गठन झालं, मुदती वाढवून दिल्या. पण गेलेलं बियाणं आणि गेलेला हंगाम कुठल्याही कागदानं परत येत नाही.

अंदाज देणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या काळातली पद्धत मुख्यतः संख्याशास्त्रीय होती. जुन्या वर्षांच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यावरून या वर्षीचं गणित मांडायचं. हातात जेवढी साधनं, तेवढंच काम होणार. २००९ मध्येही तसंच झालं. एप्रिलचा अंदाज ९६ टक्क्यांचा होता, प्रत्यक्षात पाऊस पडला ७८ टक्के.

मग २०१२ साली केंद्र सरकारनं ‘मान्सून मिशन’ सुरू केलं. त्याचं मुख्य काम आपल्या पाषाण रस्त्यावर, उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये झालं. एनसीएलच्या पुढे जाताना ही पाटी आपण शेकडो वेळा पाहिली असेल आणि इथे काय चालतं हा प्रश्न आपल्याला पडला नसेल. तिथे समुद्र, जमीन आणि हवा यांचं एकत्र गणित मांडणारं मॉडेल आपल्या मान्सूनसाठी घडवलं गेलं. असं गणित साध्या कॉम्प्युटरवर होत नाही, त्यासाठी महासंगणक लागतो. २०१८ साली ‘प्रत्युष’ नावाचा महासंगणक इथे बसला आणि त्याच वर्षापासून रोजचे अंदाज बारा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत आले. दोन-तीन आठवडे आधी पावसाचा खंड पडेल का, जोर वाढेल का, याचे अंदाज आता शेतकऱ्यांच्या मोबाईलवर जातात. पेरणी चार दिवस थांबवायची की नाही, फवारणी आज करायची की परवा, कांदा शेतातून कधी काढायचा, हे निर्णय त्यावर होतात.

याचा जमाखर्चही कोणीतरी मांडलाय. दिल्लीच्या एनसीएईआर या अर्थशास्त्रीय संस्थेनं २०२० मध्ये एक अहवाल दिला. सोळा राज्यांतल्या सुमारे चार हजार शेतकऱ्यांना प्रश्न विचारून त्यांनी हिशेब केला. मान्सून मिशन आणि महासंगणक यांवर मिळून सुमारे एक हजार कोटी रुपये खर्च झाला, आणि पाच वर्षांत होणारा फायदा त्यांनी पन्नास हजार कोटींचा धरला. एका रुपयाला पन्नास रुपये.

आता माझी सवय जाणार नाही. कर्जाच्या अर्जातले नफ्याचे आकडे मी कधीच जसेच्या तसे घेतले नाहीत. हा अंदाज आहे, पाहणीवर आधारलेला आहे. म्हणून निम्मा करा. अजून निम्मा करा. तरी रुपयाला बारा-साडेबारा रुपये उरतात. माझ्या छत्तीस वर्षांत असा प्रस्ताव माझ्या टेबलावर एकदाही आला नाही.

आणि हे फक्त पैशातलं झालं. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं, तेव्हा सुमारे दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आलं, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. यात निवारा केंद्रं बांधणाऱ्यांचा आणि गावोगाव फिरून लोकांना हलवणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. पण वादळ कधी आणि कुठे धडकणार हे चार-पाच दिवस आधी सांगता आलं, म्हणून ते हलवू शकले. आपल्याकडे जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्याला आलं. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांचे पत्रे उडाले, पण किनाऱ्यावरची माणसं आधीच हलवलेली होती.

दुसरं उदाहरण तर आपण सगळ्यांनी घरात बसून अनुभवलंय. पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. १९५२ साली तिची सुरुवात झाली, तेव्हा नाव ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ असं होतं. १९५७ मध्ये कर्नाटकात माकडं पटापट मरायला लागली, माणसंही आजारी पडली, तेव्हा क्यासनूर जंगलातला तो विषाणू याच संस्थेनं शोधला. त्यानंतर किती पुणेकरांना ही संस्था आठवली? पण ३० जानेवारी २०२० रोजी देशातला कोरोनाचा पहिला रुग्ण केरळमध्ये निश्चित झाला, तो याच संस्थेच्या तपासणीतून. मार्चपर्यंत तिथल्या लोकांनी विषाणू वेगळा काढला. त्यांनी तपासणीची पद्धत बसवून दिली आणि देशभरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. कोव्हॅक्सिन लसही त्याच विषाणूपासून, त्यांच्या सहभागानं झाली. आग लागल्यावर कोणी बंब विकत घ्यायला जात नाही. बंब, पाणी आणि शिकलेले जवान आधीच लागतात. अनेक दशकांचा पगार, वीजबिल आणि काचसामान सरकारनं भरलं होतं, म्हणून त्या दोन महिन्यांत काम झालं.

आता आक्षेपांकडे येतो. या विषयावर मी कट्ट्यावर बोलतो तेव्हा तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप, आपला देश गरीब आहे, आधी दवाखाने आणि शाळा. बरोबर आहे, त्या हव्यातच. पण दवाखान्यात द्यायचं औषध कुठून येतं? जुलाबानं लहान मुलं दगावतात, त्याचं एक मोठं कारण रोटाव्हायरस. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना नवजात बाळांमध्ये या विषाणूचा एक प्रकार सापडला. तो पोटात असूनही ती बाळं आजारी पडत नव्हती. त्यावर काम करत करत भारतीय लस तयार झाली आणि २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. मधे तीस वर्षं गेली! २०१३ मध्ये कंपनीनं सरकारसाठी एका डोसची किंमत साधारण एक डॉलर सांगितली होती. या संशोधनाचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला? ज्या आईला खासगी दवाखान्यातली लस परवडत नाही तिला. तसंच आपल्या आगरकर संशोधन संस्थेचं. तिथे तांबेरा रोगाला दाद न देणारा, ११० दिवसांत येणारा एमएसीएस ६४७८ हा गहू तयार झाला. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात करंजखोप गावच्या शेतकऱ्यांचं गव्हाचं उत्पन्न त्यानं जवळपास दुप्पट झालं. तेव्हा संशोधन ही श्रीमंतांची हौस आहे असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप, हे काम खासगी कंपन्यांनी करावं. यात तथ्य आहे. आपल्या एकूण संशोधन खर्चात खासगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास आहे. चीन, अमेरिका, कोरिया इथे तो सत्तरच्या वर जातो. आपल्या उद्योगपतींनी हात सैल सोडायलाच हवा. सरकारनंही तसा विचार केला आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात एक लाख कोटींच्या निधीची घोषणा झाली, पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जातून. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी वीस हजार कोटी ठेवले. चांगलं आहे, मी स्वागत करतो. पण कर्ज आणि अनुदान यातला फरक बँकवाल्याइतका कोणाला कळणार? कर्ज तो घेतो ज्याला पुढे माल विकून ते फेडायचं आहे. मान्सूनचा अंदाज विकून कोण कर्ज फेडणार? नवजात बाळांमधला विषाणू तीस वर्षं सांभाळून कोण व्याज भरणार? कंपनीला दर तीन महिन्यांनी निकाल दाखवायचा असतो. ज्या कामाचं फळ सगळ्यांना मिळतं आणि बिल कोणाच्या नावावर फाडता येत नाही, ते काम सरकारी पैशानंच होतं. जगभर तसंच झालेलं आहे.

तिसरा आक्षेप, पैसे वाढवून दिले तरी ते नीट वापरले जात नाहीत. हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात पैसे वाढवण्याइतकंच ते वेळेवर पोचवणंही आलं. माझ्या नात्यातली एक मुलगी जीवशास्त्रात पीएच.डी. करते. संस्थेचं नाव सांगत नाही, गरजही नाही. २०२३ मध्ये सरकारनं फेलोशिप वाढवली, पहिल्या दोन वर्षांना महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार. बातमी आली, आम्ही पेढे खाल्ले. त्यानंतर तिचे पाच महिने कोरडे गेले. एकदम थकबाकी मिळाली, तोपर्यंत घरभाडं वडिलांनी भरलं. ज्याच्या वडिलांना ते शक्य नाही त्या मुलानं काय करायचं? बँकेत पगार एक तारखेऐवजी तीन तारखेला झाला असता तर आमच्या युनियननं गेटवर सभा घेतली असती! अशी थकबाकी देशात अनेक ठिकाणी होते, वर्तमानपत्रांत येत असतं. आणखी एक गंमत बघा. सरकारी संशोधन संस्थांना उपकरणांवर पाच टक्के जीएसटीची सवलत होती. जुलै २०२२ पासून ती गेली आणि बहुतेक वस्तूंवर अठरा टक्के लागू झाला. म्हणजे सरकारनं शंभर रुपये अनुदान द्यायचं आणि त्यातले पंधरा-सोळा स्वतःच परत घ्यायचे. अनुदान न वाढवताही ही गळती बंद करता येईल.

आपल्या सोसायटीत बघा. किती घरांत फक्त आई-वडील आहेत आणि मुलं परदेशात? त्यांतली काही तिकडे संशोधनच करतात. परत यायची इच्छा नाही असं नाही. पण परत येऊन कुठे बसायचं? विद्यापीठांत जागा रिकाम्या आहेत, पण भरत नाहीत. उपकरण मागवलं तर यायला वर्ष जातं. संध्याकाळी सातच्या व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघणारे आपण, आपला या विषयाशी संबंध नाही असं कसं म्हणणार?

मग आपण करायचं काय? आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे काय काय मागतो, ते मी एकदा आठवून बघितलं. ड्रेनेज लाइन, स्पीडब्रेकर, बाकडी, बागेतली व्यायामाची यंत्रं, गणपतीच्या मांडवाची परवानगी. ही मागणी चूक नाही, यातली बरीच कामं झालीही. पण जे मागितलं जातं तेच मिळतं. पुण्याच्या खासदारांच्या मतदारसंघात एनसीएल आहे, आयसर आहे, आयुका आहे, एनआयव्ही, आगरकर, आयआयटीएम आहे. इतक्या संस्था देशातल्या फार थोड्या शहरांत असतील. तरी कुठल्याही प्रचारसभेत संशोधनाबद्दल एक प्रश्न आलेला मी ऐकला नाही. खासदारांना वाटतं, मतदारांना यात रस नाही. आणि आपणच तसं त्यांना भासवलंय.

खासदार एकटे काय करणार, असं म्हणू नका. लोकसभेत ते मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारू शकतात आणि त्याचं उत्तर द्यावंच लागतं, ते छापलं जातं. विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण वगैरे खात्यांसाठी संसदेची स्थायी समिती आहे. ती दर वर्षी या खात्यांच्या मागण्या तपासते, मंजूर किती, खर्च किती, शिल्लक का राहिले, सगळं विचारते. सभागृहात मात्र बहुतेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होतात. त्याला तिथे ‘गिलोटिन’ म्हणतात, शब्दच किती बोलका आहे! म्हणून समितीत आणि प्रश्नोत्तरांत कोणीतरी हा विषय लावून धरणारा हवा. आमदारांनाही सोडू नका. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं राज्याच्या ताब्यातली. तिथल्या रिकाम्या जागांचा प्रश्न विधानसभेतच सुटायचा आहे. नगरसेवकांना मात्र यातून सुट्टी देऊ, त्यांच्याकडे आपले बाकीचे अर्ज पुरेसे आहेत.

मी एक पत्र तयार केलंय. सोसायटीच्या लेटरहेडवर नाही, कारण सोसायटी ही सगळ्यांची आहे आणि असे विषय तिच्या नावावर आणू नयेत. प्रत्येकानं स्वतःच्या नावानं, पटलं तरच सही करायची. मजकूर वाचून दाखवतो.

“माननीय खासदार महोदय, आम्ही आपल्या मतदारसंघातले मतदार आहोत. आमची आपणास पाच गोष्टींची विनंती आहे. एक, संशोधनावरचा देशाचा खर्च ०.६४ टक्क्यांवरून पाच वर्षांत किमान एक टक्क्यावर नेण्यासाठी दर वर्षीचं उद्दिष्ट जाहीर व्हावं, असा आग्रह आपण संसदेत धरावा. दोन, संशोधक विद्यार्थ्यांची फेलोशिप पगारासारखी दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जमा व्हावी. तीन, सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची जीएसटी सवलत पुन्हा सुरू व्हावी. चार, केंद्रीय संस्थांतल्या रिकाम्या जागा किती आणि त्या कधी भरणार, हा प्रश्न आपण येत्या अधिवेशनात विचारावा. पाच, वर्षातून एकदा आपण शहरातल्या एका संशोधन संस्थेला भेट द्यावी आणि तिथल्या तरुण संशोधकांशी बोलावं. आपण काय केलं हे आम्हाला कळवावं, ही नम्र विनंती.”

दोन टक्के न मागता एकच टक्का मागितलाय, हे काहींना कमी वाटेल. २०१७ मध्ये देशातल्या बऱ्याच शहरांत शास्त्रज्ञ स्वतः रस्त्यावर उतरले होते, त्यांची मागणी तीन टक्क्यांची होती. त्यांचं बरोबरच आहे. पण वसुलीचा माझा अनुभव सांगतो, मोठी रक्कम एकदम मागितली की समोरचा ‘बघू’ म्हणतो. छोटा हप्ता, तारीख आणि पाठपुरावा, यानंच वसुली होते. एक टक्का झाला की पुढचं पत्र लिहू.

पाठपुरावा मात्र करावा लागेल. एक पत्र टपालात टाकून आपण मोकळे झालो, असं होऊ नये. दर अधिवेशनानंतर उत्तर आलं का, प्रश्न विचारला का, हे मी बघीन आणि नोटीस बोर्डावर लावीन. माझं वय बघता, माझ्या बरोबर ही फाईल सांभाळायला एक तरुण माणूस हवा. सी विंगमधल्या कोणी नाव दिलं तर बरं, ए विंगचे सगळे आधीच गणेशोत्सवाच्या हिशेबात अडकलेत.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तीस मोठ्या तबकड्यांची, एकेक तबकडी पंचेचाळीस मीटर रुंद. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं, आसपासच्या शाळांची मुलं स्वतःचे प्रयोग घेऊन येतात. पुढच्या वर्षी सोसायटीची एक बस करू या. आई-बाबांना आत्तापासून सांगून ठेवा. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी शास्त्रज्ञ झालं, तर तुमची फेलोशिप वेळेवर यावी म्हणूनच ही आजची सगळी खटपट आहे.

पत्राच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, पेनही आहे. आधी वाचा, शंका असेल तर मला विचारा, मग सही करा. चहा सहीनंतरही मिळेल आणि सही न करताही मिळेल.